बॉनेटवरचा मेंढा

मागे एकदा बुऱ्हाणपूर येथे एका स्नेह्यांच्या घरी आमचा मुक्काम झाला. रात्रीच्या जेवणानंतर घरच्या नातवाने माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात धातूचा एक लहानसा मेंढा होता, पुढे झेप घेण्याच्या पवित्र्यात असलेला. डॉज या अमेरिकन मोटारीच्या बॉनेटवरील तो मानचिन्ह होय.

"आजोबा, अशा वस्तूंना हल्ली चांगली किंमत येते म्हणतात. देऊन टाकू या का?" नातवाने विचारले. नव्वदीकडे झुकलेल्या आजोबांनी मेंढा हाती घेऊन उपरण्याने पुसला. उत्तर मात्र दिले नाही.

तरुण वाचकांस ठाऊक नसेल, पण एके काळी अमेरिकन मोटारी आपल्या मुंबईतच जोडल्या जात. जनरल मोटर्सने 1928 साली शिवडी येथे कारखाना काढला व तेथून शेव्हरोले गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ व डिसोटो या गाड्या जोडल्या जात. 1953 साली सरकारने असे धोरण स्वीकारले की, केवळ परदेशी भाग जोडणाऱ्या आणि ते येथे बनविण्याची योजना नसणाऱ्या कंपन्यांनी आपले काम आवरावे. शिवडीचा कारखाना 1954 साली बंद झाला. रुंद बैठकीच्या त्या अवजड गाड्या हळूहळू दिसेनाशा झाल्या.

आमचे हे आजोबा एका जिनिंग कारखान्याच्या मालकांकडे मोटारचालक होते. गाडी विकली गेली तेव्हा मालकांनी हा मेंढा त्यांना दिला. "किती थाट असेल हो त्या गाडीत बसण्याचा!" आम्ही सहज म्हणालो. आजोबा हसले. "असेल. मागच्या गादीवर मी कधी बसलो नाही. ती झटकली मात्र रोज."

आमची मान खाली गेली. जुन्या दिवसांचे गोडवे गाताना आपण बहुधा मागच्या गादीवर बसूनच गातो! पुढे बसणारा, चिखलात उतरून चाक बदलणारा, आपल्या आठवणीत क्वचितच येतो.

जुन्या गाड्यांस आज कायद्यानेही मान दिला आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी गाडीची स्वतंत्र नोंदणी होते. हे योग्यच झाले. परंतु गाडीची नोंद झाली, तशी ती चालविणाऱ्याची नोंद कोण करणार?

त्या रात्री नातू वही घेऊन आजोबांपाशी बसला. पगार किती होता, मोटार शिकविली कोणी, पावसाळ्यात रस्ते कसे असत, असे एकेक विचारीत तो उशिरापर्यंत लिहीत होता. सकाळी पाहतो तो मेंढा देवघराखालच्या फळीवर उभा! विकण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर एखादा जुना दिवा, चालकाचा परवाना, गाडीची किल्ली पडलेली असेल. भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांस हाक मारा. वस्तू पुढेही टिकेल. सांगणारा मात्र फार काळ थांबणार नाही.