कंसातील नुकसानभरपाई

रडल्याशिवाय आईदेखील पाजीत नाही, ही म्हण आपल्याकडे घरोघर बोलली जाते. परंतु तिचा राजकीय अर्थ शेतकरीवर्गाने अद्याप पुरता मनावर घेतलेला नाही, असे आम्हांस वाटते. साथ येते, बाजार बंद होतात, माल जागच्या जागी नासतो. मग सरकारातून काही साहाय्य जाहीर होते, त्यातील काही पोहोचते, काही वाटेतच जिरते. आणि साथ ओसरली म्हणजे आपण सारे ते विसरून पुढच्या हंगामास लागतो. २०२० सालच्या कोविडच्या साथीस आता काही वर्षे लोटली आहेत. संकट डोक्यावर असता विचार होत नाही व ते टळल्यावर विचाराची गरज वाटत नाही, हा मनुष्यस्वभाव खरा. तथापि पुढच्या साथीची तयारी करावयाची तर ती अशा स्वस्थतेच्या काळातच झाली पाहिजे. म्हणून हा विषय आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

आरंभ कायद्यापासूनच करू. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगचा उद्भव झाला व १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा करण्यात आला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने कोविडच्या निवारणार्थ जो कायदा अमलात आणला तो हाच होय. मूळचा हा कायदा अवघ्या चार कलमांचा आहे. पहिल्यात त्याचे नाव, दुसऱ्यात सरकारास लागतील ते उपाय योजण्याचा अधिकार, तिसऱ्यात आज्ञाभंगाची शिक्षा, व चौथ्यात कायद्याप्रमाणे वागणाऱ्यांस संरक्षण. मग ज्याचा बाजार बंद झाला, ज्याचा माल अडला, त्याची वाट काय? त्याचाही उल्लेख दुसऱ्या कलमात आहे; पण तो कंसात आहे. उपाययोजनेचा खर्च कोणी व कसा सोसावयाचा हे सरकारने ठरवावे, असे सांगून कायदा कंसात एवढेच म्हणतो की, नुकसानभरपाई असल्यास तीही त्या खर्चात धरावी. ‘असल्यास’! २०२० साली या कायद्यास दुरुस्ती झाली ती वैद्यकीय सेवकांच्या संरक्षणार्थ, आणि ती योग्यच होती. परंतु कंसातील तो शब्द कंसातच राहिला.

तो शब्द कंसाबाहेर कोण काढतो? सरकार आपण होऊन काढीत नाही. ज्यांचे नुकसान झाले त्यांनी आपल्या नुकसानाचा हिशेब आपण करून, नियम दाखवून, एकजुटीने मागितले तरच तो बाहेर येतो, हेच आमचे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. त्यास तीन दाखले देतो.

पहिला दाखला त्याच १८९६-९७ सालचा. प्लेगच्या जोडीस त्या वर्षी अवर्षणही आले होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेची सूत्रे त्या वेळी लोकमान्य टिळकांच्या पक्षाकडे होती. सभेने खेड्यापाड्यांत आपले प्रतिनिधी पाठविले, आणि त्यांनी रयतेस नवे असे काही सांगितले नाही. सरकारच्याच दुष्काळविषयक नियमांत काय लिहिले आहे ते समजावून दिले. पीक बुडाले असता साऱ्याची सूट अथवा तहकुबी मागता येते, काम मागणाऱ्यास काम देणे हे सरकारने स्वतःच पत्करलेले कर्तव्य आहे. सबब गुरे विकून अगर कर्ज काढून सारा भरण्याच्या भरीस पडू नका, आधी अर्ज करा, एवढाच त्यांचा उपदेश. परंतु सरकारचे नियम सरकारच्याच रयतेस वाचून दाखविणे हाही त्या काळी अपराध ठरला, आणि १८९७ साली मुंबई सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. सभेचे दप्तर सरकारदरबारी बंद झाले खरे. पण साहाय्य ही मेहेरबानी नसून नियमाने मागावयाची गोष्ट आहे, ही जाणीव जी एकदा खेड्यांत पोहोचली ती परत घेता आली नाही.

दुसरा दाखला खेडा जिल्ह्याचा. १९१७ च्या अतिवृष्टीने तेथील पिके गेली होती व प्लेगही जिल्ह्यात होता. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आल्यास त्या वर्षीचा सारा तहकूब करावा, असा नियमच होता. वाद नियमाचा नव्हता, मोजणीचा होता. सरकारी आणेवारी चार आण्यांवर जात होती, शेतकऱ्यांची त्याखाली. म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव हिंडून पिकाची स्वतंत्र पाहणी केली, आणि ती हाती आल्यावरच २२ मार्च १९१८ रोजी गांधीजी व वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली सारा न भरण्याची प्रतिज्ञा झाली. त्या प्रतिज्ञेतील एक गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. ज्यांस सारा भरण्याची ऐपत होती तेही तीत सामील झाले. कारण सधनांनी मुकाट्याने सारा भरला तर गरीब शेतकरी घाबरून भांडीकुंडी विकील व कर्जात बुडेल, हे त्यांनी ओळखले होते. सर्व जिल्ह्याची तहकुबी मिळाल्यास आम्ही आमचा भरू, अशी त्यांची बोली होती. जूनमध्ये तडजोड झाली. ऐपत असणाऱ्यांनी भरावे व गरिबांस तहकुबी मिळावी असे ठरले. परंतु गरीब कोण, हे ठरविण्याचे काम गावकऱ्यांच्या हाती राहिले नाही, म्हणून खुद्द गांधीजींस त्या यशाचे पुरते समाधान वाटले नाही. मोजणी ज्याच्या हाती, निकाल त्याच्या हाती, हा त्यातील बोध होय.

तिसरा दाखला आपणां सर्वांच्या अनुभवातील, दुधाचा. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी झाली. उपाहारगृहे, चहाची दुकाने, मिठाईचा धंदा, लग्नसराई, सारे एकदम थांबले. गाईस टाळेबंदी कळत नाही. तिची धार सकाळ-संध्याकाळ काढावीच लागते, आणि पेंड व चारा यांचा खर्चही थांबत नाही. लिटरास तिसाच्या आसपास असलेला दर जुलैपर्यंत अनेक ठिकाणी १७ ते २० रुपयांवर उतरला. दोन गाईंचे रोजचे २० लिटर दूध घालणाऱ्या कुटुंबास लिटरामागे १० रुपये तूट म्हणजे दिवसास २०० व महिन्यास ६,००० रुपयांचा फटका. अल्पभूधारकाच्या घरी नगद पैशाची आवक बहुधा तेवढीच असते.

राज्य सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. रोजचे १० लाख लिटरपर्यंत जादा दूध २५ रुपये दराने घेऊन त्याची भुकटी करण्याची योजना सरकारने आखली. परंतु ही योजना सहकारी संघांच्या मार्गाने चालली, आणि राज्यातील बहुसंख्य उत्पादक दूध घालतात ते खासगी डेऱ्यांस. अशात २३ जून रोजी केंद्र सरकारने १० हजार टन दूधभुकटी १५ टक्के सवलतीच्या जकातीने आयात करण्यास मुभा दिली, तेव्हा उत्पादकांचा संयम सुटला. जुलै व ऑगस्टमध्ये निरनिराळ्या शेतकरी संघटनांनी व पक्षांनी आंदोलने केली. ठिकठिकाणी दुग्धाभिषेक झाले, संकलन बंद राहिले. मागणी स्पष्ट होती: आयात रद्द करा, आणि अनुदान संघास अथवा डेरीस न देता थेट उत्पादकाच्या खात्यावर जमा करा. थेट अनुदानाची ती मागणी त्या वर्षी मान्य झाली नाही. पुढे २०२४ च्या आरंभी, दर पुन्हा कोसळले असता, लिटरामागे ५ रुपये थेट खात्यावर देण्याची योजना राज्य सरकारने चालू केली, आणि तीत जनावराच्या कानातील बिल्ला, त्याची नोंद व आधार-जोडलेले बँक खाते या अटी आल्या. म्हणजे मागणीचे स्वरूप रास्त होते हे सरकारने अखेर मान्यच केले. पण साथीच्या वर्षीचे नुकसान ते नुकसानच राहिले.

आता आपल्या चुका पाहू. दुसऱ्याचे दोष दाखविणाऱ्याने स्वतःचे झाकू नयेत. पहिली चूक ही की, आपणांपाशी हिशेब नव्हता. पिकाची नोंद सातबाऱ्यावर होते. दुधास सातबारा नाही. कोणत्या गावात किती दूध परत आले, कोणाचा दर किती उतरला, किती दिवस संकलन बंद राहिले, याची गावाने एकत्र केलेली नोंद क्वचितच आढळली. रस्त्यावर ओतलेल्या दुधामागील संताप आम्ही समजू शकतो. परंतु ओतलेले दूध कोणत्याही दप्तरात चढत नाही. संकलन केंद्राच्या पावत्या व आडत्याच्या पट्ट्या आपण घरी खिळ्याला टोचून ठेवतो. त्या जर गावाच्या एका वहीत उतरल्या असत्या तर तीच वही मंत्रालयात अधिक मोठ्याने बोलली असती.

दुसरी चूक याहून गंभीर आहे. एप्रिल २०२० मध्ये किसान सन्मान योजनेचे २,००० रुपये कोट्यवधी खातेदारांच्या खात्यांवर जमा झाले. ते ज्यांच्या नावे जमीन आहे अशांस मिळाले. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस मिळाले असतील. परंतु जो दुसऱ्याची जमीन खंडाने वा वाट्याने कसतो, जो सालदार आहे, ज्याच्या दावणीला एक म्हैस आहे पण नावावर गुंठाही नाही, त्याच्या हाती त्यातून काय पडले? लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या आवारांत अडकून पडले होते. त्यांस आपापल्या गावी जाण्याची परवानगी मिळण्यास एप्रिलचा मध्य उजाडला. आपण खातेदारांनी आपल्यासाठी मागितले. आपल्याच शेतावर राबणाऱ्यासाठी कितीकांनी मागितले? खेड्याचे सधन शेतकरी दुबळ्यांसाठी अडून बसले होते. ज्याचे नाव कागदावर आहे त्याने, ज्याचे नाव नाही त्याचे नाव कागदावर आणावे, हे भूधारकाचे कर्तव्यच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात स्वार्थही आहेच. अर्ध्या गावाची मागणी सरकार सहज मागे सारते, सबंध गावाची सारता येत नाही.

मागावयाचे ते कशाच्या आधारावर, असे कोणी विचारील. आधार आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या मूळ बाराव्या कलमात किमान साहाय्याचे दंडक ठरविण्यास सांगितले होते. कोविडने मृत्यू पावलेल्यांच्या वारसांस साहाय्य देणे या कलमान्वये बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी दिला, व पुढे प्रत्येक मृत्यूमागे ५०,००० रुपये ठरले. न्यायालयात याचिका गेली नसती तर हे झाले असते काय? त्याच कलमात उपजीविकेची साधने पुन्हा उभी करण्यासाठी साहाय्य, असेही शब्द होते, आणि ते कंसात नव्हते. गावोगावच्या ठरावांत मात्र ते आमच्या पाहण्यात फारसे आले नाहीत. मागणीने दयेचा हक्क होतो, याचे उदाहरण महाराष्ट्राने स्वतःच घालून दिले आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली व १९७२ च्या दुष्काळात वाढलेली रोजगार हमी १९७७ साली कायद्यात उतरली. तोवर जे सरकारी काम म्हणजे उपकार होता, ते मागणाऱ्याचे देणे ठरले.

सबब आमची सूचना अशी आहे. प्रत्येक गावच्या सोसायटीने अथवा शेतकरी मंडळाने आतापासून एक वही घालावी. तीत घरवार माणसे, जमीन स्वतःची की खंडाची की मुळीच नाही, दावणीची जनावरे, रोजचे दूध, चालू हंगामाचा माल व मजुरीवर जाणारे हात यांची नोंद असावी, आणि ती दर सहा महिन्यांनी तपासावी. संकट आल्यास त्याच वहीत दर आठवड्याचा उतरलेला दर, न उचललेला माल व बुडालेले रोज चढवावेत. आजच्या ग्रामसभेत असा ठराव करून ठेवावा की, साथीमुळे बाजार बंद झाल्यास अमुक नोंदींच्या आधारे गाव साहाय्य मागील व ते थेट कुटुंबास मिळावे असा आग्रह धरील. हे आधीच करावयाचे, कारण साथीत सभाच भरविता येत नाही, हा अनुभव २०२० साली सर्वांस आला. नाहीतर वरातीमागून घोडे ठरलेलेच.

यास कोणी राजकारण म्हणेल. म्हणो बापडे. दुधाचा दर, आयातीची जकात, टाळेबंदीची आज्ञा, ही सर्व राजकारणातूनच आपल्या दावणीपर्यंत येतात. मग आपले गाऱ्हाणे तेवढे राजकारणाबाहेर राहावे, हा न्याय कोणता? मात्र वही कोणत्याही पक्षाची नसावी. ती सर्व पक्षांच्या प्रतिनिधींपुढे सारखीच उघडावी. सरकारची तिजोरी रिकामी आहे, हे उत्तरही प्रत्येक साथीत मिळेल. त्यावर एवढेच सांगणे की, सर्वांच्या आरोग्यासाठी बाजार बंद करणे रास्त असेल, तर त्या बंदीचा भार एकट्या उत्पादकाने व मजुराने सोसावा हे रास्त नव्हे.

कायद्यातला कंस खोडणे आपल्या हाती नाही. ते काम विधिमंडळाचे. पण त्या ‘असल्यास’ शब्दास गावाच्या वहीतून उत्तर देणे आपल्या हाती खास आहे. नुकसान आहे, ते इतके आहे, आणि ते या या माणसांचे आहे, असे ज्या दिवशी प्रत्येक गाव छातीठोकपणे सांगू शकेल, त्या दिवशी ते नाकारणे कोणत्याही सरकारास जड जाईल. शेतकरी बंधूंनी हंगामाची धांदल सुरू होण्यापूर्वीच ही वही घालावी, एवढीच आमची विनंती आहे.