चुंबकाची निवड आणि गडचिरोलीचा गाळ

भांडुप आणि मुलुंडच्या मधले नाहूर हा एकेकाळचा कारखान्यांचा पट्टा. लालबहादूर शास्त्री मार्गालगतचे अनेक भोंगे थांबले आणि त्या जागांवर निवासी मनोरे उभे राहिले. तेथे घर घेणारा ग्राहक सळई कोणत्या कंपनीची, हे आवर्जून विचारतो. ते लोखंड कोणत्या डोंगरातून आले आणि ते वेगळे काढताना मागे काय उरले, हा प्रश्न मात्र विक्री कार्यालयात निघत नाही. महाराष्ट्रापुरता तो आता गडचिरोली जिल्ह्यात ऐरणीवर आला आहे.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर लॉइड्स मेटल्स या कंपनीला २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तेथील सत्तरहून अधिक वाहने जाळली. काम खऱ्या अर्थाने सुरळीत झाले ते २०२१ नंतर. जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते हेडरी येथील खनिज दळण्याचा प्रकल्प आणि तेथून कोनसरीपर्यंतची सुमारे ८५ किलोमीटरची स्लरी पाइपलाइन यांचे उद्घाटन झाले. त्याआधी मे महिन्यात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने खनिज शुद्धीकरण प्रकल्पासाठी सुमारे ९३७ हेक्टर वनजमिनीला तत्त्वतः मंजुरी दिली. त्यात लाखाहून अधिक झाडे तुटणार असल्याने चर्चा झाली ती झाडांची, आणि ती रास्तच होती. पण शुद्धीकरण म्हणजे नेमके काय आणि त्यासाठी कोणते यंत्र, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

सुरजागडचे उत्तम खनिज साठ टक्क्यांहून अधिक लोहाचे आहे. ते फोडून थेट भट्टीकडे पाठवता येते. त्याच्या जोडीला पट्टेदार खडक आहे. त्यात हेमॅटाइटचा एक थर, गारगोटीचा एक थर, अशी वीण असते. खाणवाल्यांच्या भाषेत हा ‘बीएचक्यू’. त्यात लोह साधारण पस्तीस ते चाळीस टक्के. दोन्ही थर सुटे करायचे तर खडक पिठासारखा दळावा लागतो, त्यात पाणी मिसळावे लागते आणि त्या गढूळ प्रवाहातून लोहाचे कण चुंबकाने ओढून घ्यावे लागतात.

येथेच निवडीचा प्रश्न येतो. मॅग्नेटाइट हे खनिज लोहचुंबकाला सहज चिकटते. त्याला एक ते दोन हजार गॉसचा, कायमस्वरूपी चुंबक बसवलेला फिरता ड्रम पुरतो. यंत्र स्वस्त आणि चुंबकत्वासाठी विजेचा खर्च नाही. हेमॅटाइट मात्र इतका हट्टी की त्याला दहा हजार गॉस व त्याहून अधिक क्षेत्र लागते. त्यासाठी तांब्याच्या वेटोळ्यांचे विद्युतचुंबक, ते थंड ठेवण्याची व्यवस्था आणि कण अडकवणारी पोलादी जाळी असते. दळण बारीक झाले की ही जाळी तुंबते. दळताना झिजलेल्या पोलादी गोळ्यांचे तुकडे त्यात शिरले तर अधिकच. म्हणून आधी साधा ड्रम आणि मग तीव्र चुंबक, असा क्रम लावतात. प्रवाहाला हिसके देणारी आणि जाळी उलट्या दिशेने धुणारी उभ्या कड्याची यंत्रे चीनमध्ये विकसित झाली, ती याच अडचणीवर उपाय म्हणून. खनिजात गोथाइट किंवा चिकणमाती अधिक असेल तर हे गणितही बदलते. थोडक्यात, विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील गॉसचा आकडा पाहून यंत्र निवडणे म्हणजे चष्म्याची फ्रेम पाहून नंबर ठरवण्यासारखे आहे.

याचा खाणीबाहेरच्या माणसांशी काय संबंध? साधा हिशेब करू. अडतीस टक्के लोहाचा एक कोटी टन खडक घेतला आणि त्यातून पासष्ट टक्क्यांचा माल काढताना सत्तर टक्के लोह हाती लागले, तर सुमारे ४१ लाख टन माल मिळतो आणि ५९ लाख टन गाळ उरतो. चुकीच्या यंत्रामुळे लोह साठ टक्केच सुटले, तर माल ३५ लाख टनांवर येतो आणि गाळ ६५ लाख टनांवर जातो. सहा लाख टनांचा हा फरक दरवर्षी गाळाच्या तळ्यात साचतो. तेवढाच माल हवा असेल तर अधिक डोंगर फोडावा लागतो. कंपनीच्या ताळेबंदात यंत्राच्या किमतीची नोंद होते. तळ्याखाली गेलेल्या जमिनीची होते ती फक्त एकदाच, भूसंपादनाच्या वेळी.

कर्नाटकातील कुद्रेमुखचा अनुभव जुना नाही. तेथे कमी प्रतीच्या मॅग्नेटाइटवर ओल्या चुंबकीय प्रक्रियेचा मोठा सरकारी प्रकल्प चालला आणि माल पाइपलाइनने मंगळूरला जात असे. चुंबकाच्या दृष्टीने ते सोपे खनिज. तरीही लख्या धरणामागे गाळाचे डोंगर साचले, भद्रा नदीत जाणाऱ्या मातीवरून वाद पेटला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००५ अखेर खाणकाम थांबले. ब्राझीलमध्ये लोहखनिजाच्या गाळाची धरणे २०१५ मध्ये मारियाना येथे आणि २०१९ मध्ये ब्रुमाजिन्यो येथे फुटली. दुसऱ्या दुर्घटनेत २७० बळी गेले. गडचिरोलीचा पाऊस लक्षात घेता ही उदाहरणे परदेशातली म्हणून बाजूला सारता येणार नाहीत.

पाण्याचा मुद्दाही यंत्राशीच जोडलेला आहे. तीव्र चुंबकाला पातळ मिश्रण लागते. टनभर खडकामागे दोन-तीन टन पाणी फिरते. त्यातील बहुतेक परत वापरता येते, पण गाळासोबत तळ्यात जाणारे पाणी हातचे जाते. गाळ दाबयंत्रात पिळून कोरडा रचण्याची पद्धत उपलब्ध आहे. ती महाग आहे, म्हणूनच ती स्वेच्छेवर सोडू नये, असे आमचे मत.

यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपुरात आहे आणि खनिज प्रक्रियेची प्रयोगशाळा व प्रायोगिक संयंत्रही तेथेच आहे. सुरजागडच्या वेगवेगळ्या थरांतील नमुन्यांची तेथे स्वतंत्र चाचणी व्हावी. किती लोह सुटले, किती गाळात गेले, टनामागे किती नवे पाणी लागले, हे तीन आकडे पर्यावरण मंजुरीच्या अटींत लिहिले जावेत आणि दर सहा महिन्यांच्या पूर्तता अहवालात मराठी व गोंडीतून एटापल्लीच्या ग्रामसभांपुढे ठेवले जावेत. पाइपलाइन सुरू झाली आहे. वनजमिनीवरील मोठ्या प्रकल्पाच्या अटींत मात्र हे आकडे अजूनही घालता येतील.