विश्लेषण : लेखक गेला, मालिका अर्धवट राहिली... शेवट कुणी लिहायचा?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील सिॲटल शहरात ‘वर्ल्डकॉन’ हे विज्ञानकथा आणि फॅण्टसी साहित्याचे संमेलन भरले होते. तिथे एका चाहत्याने ७६ वर्षांच्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांना भर सभेत विचारले, की तुम्ही आता फार काळ असणार नाही. मग तुमची मालिका ब्रॅण्डन सॅण्डरसनसारख्या लेखकाने पूर्ण केली तर? सभागृहातून लगेच नाराजीचे सूर उमटले. समाजमाध्यमांवर या प्रश्नाची भरपूर चर्चा झाली. प्रश्न असभ्य होता, हे बहुतेकांना मान्य होते. पण त्यामागची भीती हवेतली नाही. तिला १८ वर्षांपूर्वीच्या एका मृत्यूचा संदर्भ आहे.

रॉबर्ट जॉर्डन कोण होते?

जेम्स ऑलिव्हर रिग्नी हे त्यांचे खरे नाव. जन्म १९४८, गाव साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन. व्हिएतनाम युद्धात ते हेलिकॉप्टरवर तोफची होते. पुढे भौतिकशास्त्र शिकले, अमेरिकी नौदलासाठी अणुअभियंता म्हणून काम केले आणि मग पूर्णवेळ लेखनाकडे वळले. ‘द व्हील ऑफ टाइम’ या त्यांच्या मालिकेचा पहिला खंड ‘द आय ऑफ द वर्ल्ड’ जानेवारी १९९० मध्ये आला. मालिका मोजक्या खंडांत संपेल असे सुरुवातीला वाटत होते. प्रत्यक्षात २००५ मध्ये अकरावा खंड आला, तरी शेवट बाकीच होता.

मार्च २००६ मध्ये जॉर्डन यांनी आपल्याला अमायलॉयडोसिस झाल्याचे जाहीर केले. या दुर्मीळ आजारात विशिष्ट प्रथिने अवयवांमध्ये साचत जातात. त्यांच्या बाबतीत हृदयावर परिणाम झाला होता. उपचार घेताना ते वाचकांना आपल्या प्रकृतीची माहिती देत राहिले. १६ सप्टेंबर २००७ रोजी, वयाच्या ५८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मालिका मग पूर्ण कशी झाली?

आपल्या हातून शेवट होणार नाही, हे लक्षात आल्यावर जॉर्डन यांनी कथेचा उरलेला भाग कुटुंबीयांना सांगितला. टिपणे, सुटे प्रसंग आणि मालिकेचा अखेरचा भाग मागे राहिला. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादकही होत्या. मालिका पूर्ण करण्यासाठी लेखक शोधण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली.

त्या काळात ब्रॅण्डन सॅण्डरसन या तरुण लेखकाने जॉर्डन यांना निरोप देणारा एक लेख आपल्या संकेतस्थळावर लिहिला होता. शाळकरी वयापासून तो जॉर्डन यांचा वाचक. हा लेख मॅकडूगल यांच्या वाचनात आला. त्यांनी सॅण्डरसन यांची कादंबरी वाचली आणि डिसेंबर २००७ मध्ये त्यांची निवड जाहीर झाली. म्हणजे ज्या लिखाणातून एका वाचकाने शोक व्यक्त केला, त्याच लिखाणामुळे मालिका त्याच्या हाती आली.

शेवटचा खंड एकच असणार होता. त्याचे तीन झाले. ते २००९, २०१० आणि जानेवारी २०१३ मध्ये आले आणि चौदाव्या खंडावर मालिका संपली. जॉर्डन यांच्या शैलीची नक्कल करणार नाही, असे सॅण्डरसन यांनी सांगितले होते. तरीही मॅट या लाडक्या पात्राचा बोलण्याचा ढंग बदलला, अशी तक्रार अनेक वाचकांनी केली. ती काही अंशी सॅण्डरसन यांनीही मान्य केली.

वाचक नेमके कशासाठी हळहळतात?

पहिला खंड १५व्या वर्षी वाचणारा मुलगा जॉर्डन गेले तेव्हा ३२ वर्षांचा होता आणि मालिका संपली तेव्हा ३८ वर्षांचा. शाळा, नोकरी, संसार यांच्या सोबतीने ही गोष्ट चालू होती. अशा वेळी लेखक गेला की दोन दुःखे एकदम येतात. एक माणूस गेल्याचे, दुसरे गोष्ट थांबल्याचे.

यातले दुसरे दुःख बोलून दाखवायला संकोच वाटतो. ‘माणूस गेला आणि याला पुस्तकाची पडली आहे’ असा शेरा समाजमाध्यमांवर हमखास मिळतो. पण बहुतेक वाचक लेखकाला कधी भेटलेलेच नसतात. त्यांची ओळख असते ती त्याच्या गोष्टीतून. त्यामुळे गोष्टीसाठी हळहळणे हेही लेखकासाठीच हळहळणे असते. अडचण येते ती हळहळीचे मागणीत रूपांतर होते तेव्हा.

शेवट लिहिला जावा, असे सगळ्याच लेखकांना वाटते का?

नाही. ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेचे ब्रिटिश लेखक टेरी प्रॅचेट यांचे मार्च २०१५ मध्ये निधन झाले. आपले अपूर्ण लेखन नष्ट करावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यानुसार ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांची हार्ड डिस्क वाफेवर चालणाऱ्या जुन्या रोड रोलरखाली चिरडण्यात आली. अर्थात, ‘डिस्कवर्ल्ड’ची ४१ पुस्तके बहुतांशी स्वतंत्र आहेत. वाचकाला मध्येच टांगून ठेवणारा धागा तिथे नव्हता.

जपानी चित्रकथाकार केंतारो मिउरा यांना तर काही ठरवायला वेळच मिळाला नाही. ‘बर्सर्क’ ही त्यांची चित्रकथा १९८९ पासून सुरू होती. मे २०२१ मध्ये महाधमनी फाटल्याने ते अचानक गेले. वय ५४. बातमी पसरताच ‘फायनल फॅण्टसी १४’ या ऑनलाइन खेळात जगभरच्या खेळाडूंनी आपापली पात्रे रांगेत उभी करून त्यांना मानवंदना दिली. मिउरा यांनी या कथेचा शेवट सुमारे ३० वर्षांपूर्वी शाळेपासूनचे मित्र आणि सहव्यावसायिक कोजी मोरी यांना सांगितला होता. त्या आठवणीच्या आधारे, मिउरा यांच्याच स्टुडिओतील सहाय्यकांच्या हातून जून २०२२ मध्ये चित्रकथा पुन्हा सुरू झाली. मिउरांनी सांगितले तेवढेच देईन, पदरचे काही घालणार नाही, असे मोरी यांनी तेव्हा जाहीर केले.

कायदा काय सांगतो?

लेखकाच्या मृत्यूनंतरही कॉपीराइट संपत नाही. तो भारतात पुढे ६० वर्षे, तर अमेरिका आणि ब्रिटनमध्ये साधारणपणे ७० वर्षे वारसांकडे राहतो. म्हणजे अधिकृत शेवट लिहून घ्यायचा की नाही, हे चाहते ठरवू शकत नाहीत. प्रकाशकालाही हक्कदारांची परवानगी लागते. पण कायदा फक्त ‘कोण ठरवणार’ एवढेच सांगतो. ‘काय ठरवावे’ याचे उत्तर लेखकाने मागे काय ठेवले आणि कुणावर विश्वास टाकला, यावर अवलंबून असते. जॉर्डन, प्रॅचेट आणि मिउरा या तिघांच्याही बाबतीत वाट दाखवली ती लेखकाच्याच शब्दाने.

मग मार्टिन यांना विचारलेला प्रश्न का खटकला?

मार्टिन आणि जॉर्डन दोघेही १९४८ चे. जन्मात महिन्याभराचेही अंतर नाही. मार्टिन यांच्या मालिकेचा पाचवा खंड २०११ मध्ये आला. सहावा, ‘द विंड्स ऑफ विंटर’, २०२५ च्या त्या संमेलनापर्यंतही आलेला नव्हता. वाचकांची धास्ती म्हणूनच समजण्यासारखी आहे. पण जॉर्डन यांच्या वाचकांनी शोक केला तो ते गेल्यावर, आणि पुढच्या लेखकाची निवड त्यांच्या घरातून झाली. इथे मात्र हयात माणसासमोर त्याच्या मृत्यूनंतरची व्यवस्था मांडली गेली, तीही त्याने न विचारता. आपल्या वयावरून आणि तब्येतीवरून चालणाऱ्या अशा चर्चांवर मार्टिन यांनी २०१४ मध्येच संताप व्यक्त केला होता.

आपल्याकडे असे कधी घडले आहे का?

मराठीत दीर्घ कथेला ‘कादंबरी’ म्हणतात. हा शब्द आला सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘कादंबरी’ या संस्कृत कथेवरून. ती बाणाच्या हयातीत पूर्ण झाली नाही. उत्तरभाग त्याच्या मुलाने लिहिला. या भागाच्या सुरुवातीलाच मुलाने कारण दिले आहे. वडिलांबरोबर कथाही थांबली आणि ती अपुरी राहिल्याचे दुःख रसिकांना होते, ते पाहून आपण हे काम हाती घेतले; कवी म्हणून मिरवण्यासाठी नव्हे, असे तो सांगतो.

म्हणजे अर्धवट राहिलेल्या गोष्टीचे दुःख १,३०० वर्षांपूर्वीही होते, आणि ते क्षुद्र मानले गेले नव्हते. मात्र ते ऐकून लेखणी उचलली ती लेखक गेल्यानंतर, आणि ज्याचा त्या कथेवर हक्क होता त्याने.