श्रम हवेत, माणूस नको?

अमेरिकेतल्या सिएरा नेवाडा पर्वताचे कातळ सुरुंगांनी फोडून सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा मार्ग काढला तो हजारो चिनी मजुरांनी, आणि तोही गोऱ्या मजुरांपेक्षा कमी मोबदल्यात. १८६९मध्ये काम पूर्ण झाले. पुढे मंदी आली, रोजगार आटले आणि हेच मजूर डोळ्यांत खुपू लागले. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद झाली. तिथे राहणाऱ्या चिनी लोकांनाही नागरिकत्व नाकारले गेले. १९४३मध्ये, महायुद्धात चीनची साथ हवी होती तेव्हा, कायदा रद्द झाला. पण वर्षाला प्रवेश जेमतेम १०५ जणांना. ‘गरज सरो, वैद्य मरो’ हा न्याय आजही अनेक देशांच्या स्थलांतर धोरणात दिसतो. ज्याचे श्रम घ्यायचे, त्याचे हक्कही मान्य केलेच पाहिजेत.