मुरमांचे मलम आणि आपली चिठ्ठी

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाने लेख द्यायचा म्हणजे लसीकरण, अतिसार किंवा कुपोषण यांपैकीच काहीतरी असणार, अशी वाचकांची समजूत असते. गेली अनेक वर्षे मी ती मोडली नाही. यंदा मात्र चेहऱ्याला लावायच्या मलमाविषयी लिहीत आहे. त्वचारोगतज्ज्ञ मित्रांना ही त्यांच्या शेतात केलेली घुसखोरी वाटेल. परंतु भैंसा आणि आसपासच्या खेड्यांत चेहऱ्यावर मुरूम उठलेली मुलगी आधी मेडिकलमध्ये जाते आणि तेथे भागले नाही म्हणजे लहानपणापासून ओळखीच्या असलेल्या डॉक्टरकडे, म्हणजे माझ्यासारखीकडे येते. नांदेड किंवा निजामाबाद त्यानंतर. तोवर जे बिघडायचे ते बिघडून गेलेले असते.

या मुलांची आणि माझी ओळख जुनी. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वाचा एक लाख युनिटांचा पहिला डोस मी त्यांना चमच्याने पाजलेला असतो. पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिटे. अंधत्व टाळण्याचा हा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला आणि त्याच्या पाठीशी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे संशोधन होते, याचा आपल्या भागातील डॉक्टरांना थोडा अभिमान असायला हरकत नाही. माझ्या शिक्षणाच्या काळात डोळ्यांत बिटॉटचे ठिपके असलेली मुले वॉर्डात दिसत. तीच ‘अ’ जीवनसत्त्वाची वंशावळ पुढे चौदाव्या-पंधराव्या वर्षी मुलांच्या चेहऱ्याशी येऊन भेटते. शरीरात या जीवनसत्त्वापासून जे रेटिनॉइक आम्ल तयार होते, तेच ट्यूबमध्ये भरले की त्याला ट्रेटिनॉइन म्हणतात. अ‍ॅडापेलीन हे त्याच कामाचे, पण थोडे सौम्य आणि प्रकाशात टिकणारे औषध.

मुरूम म्हणजे रक्तातली ‘गरमी’ नव्हे. केसाच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म नळीत मृत पेशी एकमेकींना चिकटून तोंड बुजवतात, मागे तेल साचते आणि मग सूज येते. रेटिनॉइड ही बुजण्याची क्रियाच रोखते. फिलाडेल्फियाचे त्वचाशास्त्रज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांच्या प्रयत्नांतून ट्रेटिनॉइनला अमेरिकेत १९७१ साली मुरमांसाठी मान्यता मिळाली. (याच क्लिगमन यांनी होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर केलेले प्रयोग वैद्यकीय नीतिशास्त्रात काळ्या अक्षरांत लिहिले गेले आहेत. औषध चांगले निघाले म्हणून तो इतिहास पुसला जात नाही.) मुरमांसाठी मलम लावणाऱ्या प्रौढ स्त्रिया ‘त्वचा नितळ झाली’ असे सांगू लागल्या. मिशिगन विद्यापीठातील नियंत्रित चाचणी १९८८ साली प्रसिद्ध झाली आणि उन्हाने जून झालेल्या त्वचेवरील बारीक सुरकुत्यांसाठी १९९५ च्या अखेरीस त्याला स्वतंत्र मान्यता मिळाली. वार्धक्याच्या खुणांवर लावायच्या मलमांचा बाजार अफाट आहे. त्यात इतका भक्कम पुरावा पाठीशी असलेली औषधे फारच थोडी.

मी स्वतः बावन्नाव्या वर्षी ते वापरून पाहिले. वयाला शरण जाण्याचा उपदेश इतरांना करणे सोपे असते. सर्वांत कमी तीव्रतेचे, ०.०२५ टक्क्यांचे मलम आणले आणि डॉक्टर असल्याच्या तोऱ्यात पहिल्याच रात्री कोल्ड क्रीमसारखे चोपडले. चौथ्या दिवशी ओठांच्या कडेची कातडी सोलून निघाली. एका आजीने नातवाला तपासायला माझ्या हाती देण्याआधी, ‘मॅडम, तुम्हालाच नागीण निघाली की काय?’ असे विचारले. पुस्तकात वाचलेले ‘सुरुवातीचे त्वचादाहक परिणाम’ म्हणजे नेमके काय, ते मला त्या दिवशी समजले. त्याआधी कित्येक मुलामुलींना मी तेच औषध लिहून दिले होते.

त्यांपैकी एकीविषयी सांगायलाच हवे. इंटरच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, गालांवर आणि कपाळावर मुरूम, मान खाली. सायंकाळची ओपीडी भरलेली होती. मी ट्रेटिनॉइन लिहिले, ‘रात्री लावायचे’ एवढे म्हटले आणि पुढच्या बाळाला आत बोलावले. औषध योग्य होते. मुलगी लवकर बरे वाटावे म्हणून सकाळ-संध्याकाळ ते जाडसर लावत राहिली. चेहरा लाल झाला, सोलला आणि मुरूम आधीपेक्षा वाढल्यासारखे दिसू लागले. पंधरा दिवसांत ट्यूब कचऱ्यात गेली. शेजारणीने आपल्या चेहऱ्यावरच्या वांगासाठीचे मलम दिले. त्याने आठवड्यात चेहरा शांत झाला, महिन्यात उजळला, आणि मग साहजिकच ट्यूबमागून ट्यूब आली. वर्षाने ती माझ्याकडे परत आली तेव्हा गालांवर लाल शिरांचे जाळे होते, हनुवटीवर लव होती, एकसारख्या बारीक पुळ्यांचे पीक आले होते आणि दोन दिवस मलम बंद केले की चेहरा निखाऱ्यासारखा पेटत होता. तिची आई मला म्हणाली, ‘मॅडम, तुमच्या मलमानं लेकराचं तोंड भाजलं, अन् ह्या मलमानं बरं झालं होतं.’ मला उत्तर सुचले नाही. आईने जे पाहिले होते, ते तिच्या बाजूने खरेच होते.

सारा घोटाळा या एका वाक्यात आहे. खरे औषध प्रथम त्रास देते आणि आठ ते बारा आठवड्यांनी गुण दाखवते. सुरकुत्यांच्या बाबतीत तर पाच-सहा महिने धीर धरावा लागतो. स्टेरॉइड मिसळलेले मलम उलट वागते. ते प्रथम रक्तवाहिन्या आवळून आणि सूज दाबून चेहरा गोरा-नितळ करते, आणि किंमत नंतर वसूल करते. ज्याला समजावून सांगणारे कोणी नाही, त्याने दुसऱ्याचीच निवड करावी यात नवल काय?

या तिहेरी मलमाची कुळकथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन यांचे मिश्रण क्लिगमन आणि विलिस यांनी १९७५ साली वांगासारख्या काळ्या डागांसाठी सुचवले. अमेरिकेत २००२ साली मान्य झालेल्या तिहेरी मलमात फ्लुओसिनोलोन हे स्टेरॉइड ०.०१ टक्का इतक्या सौम्य प्रमाणात होते आणि वापराची मर्यादा आठ आठवड्यांची होती. आपल्याकडे मात्र त्याच्या जागी मोमेटासोन आले, जे अधिक तीव्र. आठ आठवड्यांची मर्यादा कोणाच्याही लक्षात राहिली नाही. आणि वांगासाठीचे मलम मुरूम, डाग, गोरेपणा, ‘लग्नाआधी थोडा चेहरा उजळ’ अशा सर्व कामांसाठी चालू झाले. ही केवळ भैंशाची कथा नव्हे. देशातील बारा केंद्रांवरच्या त्वचारोगतज्ज्ञांची एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइडयुक्त मलम लावत होते. कारणे विचारली तर गोरेपणा आणि मुरूम हीच आघाडीवर.

शासनाने २०१८ साली चौदा बाह्योपयोगी स्टेरॉइडांना अनुसूची ‘एच’मध्ये आणून चिठ्ठीची अट घातली. ते आवश्यकच होते. पण आपल्या भागात रिकामी ट्यूब हीच चिठ्ठी असते. ती काउंटरवर ठेवली की नवी मिळते. याच स्मरणिकेला दरवर्षी जाहिराती देणारे औषध दुकानदार आपले स्नेही आहेत. त्यांना राग येईल हे जाणून लिहीत आहे. मात्र सगळा दोष त्यांच्या गळ्यात बांधून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्या रिकाम्या ट्यूबचे पहिले नाव बहुतेक वेळा कोणातरी डॉक्टरच्या हस्ताक्षरात लिहिलेले असते. लवकर गुण आला नाही तर रुग्ण दुसऱ्याकडे जाईल, ही भीती मलाही वाटलेली आहे. (मुळात चिठ्ठीच नसलेल्या, ब्यूटी पार्लरमध्ये डबीतून मिळणाऱ्या क्रीमचा विषय आणखी निराळा. अशाच क्रीममधील पाऱ्यामुळे अकोल्यातील एका कुटुंबातील स्त्रियांचे मूत्रपिंड बिघडल्याची बातमी २०२३ च्या आरंभी आपण वाचली आहे.)

कोणी म्हणेल, अमेरिकेत ०.१ टक्का अ‍ॅडापेलीन २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, मग येथे एवढा बाऊ कशासाठी? माझा विरोध औषध सुलभ होण्याला नाहीच. माझ्या मते रेटिनॉइड आपण फार कमी लिहितो. पण तेथे त्या खोक्याबरोबर वाचता येईल अशी सूचनापत्रिका असते आणि शेजारच्या खणात मोमेटासोनचे तिहेरी मलम मांडलेले नसते. येथे दोन्ही एकाच खणात, आणि सूचनापत्रिका इंग्रजीत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत.

एक गोष्ट मात्र बालरोगतज्ज्ञ म्हणून माझ्या सीमेतली आहे. साडेतीन महिन्यांच्या बाळाला लसीसाठी घेऊन आलेल्या एका आईच्या पिशवीतून आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल खाली पडल्या. लग्नाआधी मुरमांसाठी लिहून दिलेल्या. आता पुन्हा मुरूम उठले म्हणून जुन्या पाकिटावरून आणलेल्या. अंगावर पाजत होती, गर्भनिरोधकाचा पत्ता नव्हता. या औषधाने गर्भाच्या कानांत, चेहऱ्यात, हृदयात आणि मेंदूत गंभीर दोष निर्माण होतात, हे १९८५ पासून निर्विवाद आहे. गर्भधारणा नाही याची खात्री, उपचार चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर गर्भनिरोधन, ही त्याची प्राथमिक अट. लावायच्या मलमातून रक्तात फारच थोडे औषध जाते, तरीही दिवस राहण्याचा विचार असेल तर तेही थांबवावे असाच सल्ला दिला जातो. त्या बाईला हे कोणी सांगितले नव्हते. सुदैवाने तिला दिवस गेलेले नव्हते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला मलम देताना तिच्या लग्नाची चौकशी करणे आपल्याला अवघडल्यासारखे वाटते. पण आपल्या भागात लग्ने किती लवकर ठरतात, हे का आपल्याला ठाऊक नाही?

तेव्हा माझे म्हणणे असे, की मुरमांसाठी तिहेरी मलम आपण कोणीही लिहू नये. अठरा वर्षांखालील मुलांना तर नाहीच. साधे रेटिनॉइड लिहावे आणि त्याबरोबर पाच मिनिटे द्यावीत. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, मटारच्या एका दाण्याएवढे, साऱ्या चेहऱ्याला मिळून, पहिले काही आठवडे रात्रीआड. डोळे, ओठ, नाकाच्या कडा सोडून. सोलले तर साधे मॉइश्चरायझर लावून एखादी रात्र विसावा. बेंझॉइल पेरॉक्साइड दिले असेल तर ते सकाळी आणि ट्रेटिनॉइन रात्री, कारण दोन्ही एकत्र आली की ट्रेटिनॉइन निकामी होऊ शकते. लग्नसराईत वॅक्सिंग करणार असेल तर आधी काही दिवस बंद, नाहीतर मेणाबरोबर कातडीही निघते. उन्हापासून बचाव तर हवाच. पण कापूस वेचायला जाणाऱ्या मुलीला दर दोन तासांनी सनस्क्रीन लाव म्हणणे ही थट्टा ठरेल. तिला मी सुती स्कार्फ चेहऱ्यावरून गुंडाळायला सांगते. तो तिच्याकडे असतोच.

ती इंटरची विद्यार्थिनी नांदेडच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या उपचाराने सावरली, पण त्याला वर्ष लागले आणि गालांवरच्या काही शिरा राहिल्याच. ती आता माझ्याकडे येत नाही. मी तिला दोष देत नाही.

वर लिहिलेल्या सूचना मी एका पानावर मोठ्या अक्षरांत, चित्रांसह उतरवल्या आहेत. चिठ्ठीबरोबर हे पान रुग्णाच्या हाती द्यावे, अशी कल्पना आहे. मराठी मजकूर तयार आहे. तेलुगू मजकूर एका तरुण सहकाऱ्याने करून दिला आहे. उर्दू अजून अडलेले आहे, आणि त्याशिवाय आपल्या गावात हे पान अर्धवटच राहील. ज्यांना ते सहज जमेल त्यांनी संघटनेच्या पुढच्या मासिक बैठकीस पाच मिनिटे आधी यावे. कच्चा मसुदा मी सोबत आणीन.