पंधरा दिवसांची मुदत : उंब्रजच्या माजी कामगारांचा जाहीर इशारा

कंपनीच्या व्यवस्थापनास,

आपल्याकडे काम करून बाहेर पडलेल्या, उंब्रज आणि पंचक्रोशीतल्या कामगारांचे हे पत्र आहे.

कंपनीचे नाव यात मुद्दाम घातलेले नाही. ते आजपुरते.

आम्ही नोकरी परत मागत नाही. शिफारस मागत नाही. कौतुक तर नकोच.

आम्ही किती वर्षे काम केले, कोणत्या खात्यात केले, कसे केले, एवढेच खरे लिहून द्या, असे म्हणतो आहोत. आपण ते देत नाही. जे देता ते वाचण्यासारखे नाही.

दाखल्याला लेटरहेड आहे. शिक्का आहे. नाव, टोकन नंबर, रुजू तारीख, सोडल्याची तारीख, सगळे टाईप केलेले आहे. शेवटी ‘वर्तणूक’ हा रकाना. त्यात एक आडवी रेघ. बाकी काही नाही.

त्या रेघेचा अर्थ शिरवळपासून चाकणपर्यंत प्रत्येक एचआरवाल्याला कळतो. आम्हालाही कळतो.

रेघेने काम भागले नाही की आपण फोनवर बोलता.

आमच्यातला एक वेल्डर शिरवळला मुलाखतीला गेला होता. ट्रायल घेतली, जोड पास झाला. पगाराचेही ठरले. मग समोरच्या अधिकाऱ्याने जुन्या कंपनीत चौकशी म्हणून आपल्याकडे फोन लावला. फोन स्पीकरवर होता. पोरगा समोरच बसलेला.

‘कामाला बरा आहे. पण डोकेदुखी आहे. घेऊ नका, एवढंच सांगतो.’

त्या अधिकाऱ्याने मान खाली घातली आणि ‘कळवतो’ म्हणाला. त्याला आम्ही दोष देत नाही. त्याला आपण फसवलेत.

डोकेदुखी कसली, तेही सांगून टाकू. १९४८ च्या कारखाने कायद्याने जादा तासांना दुप्पट दर दिला होता. आम्ही तो लेखी मागितला. सही करणाऱ्यांत हा वेल्डर होता. आज ज्यांच्या दाखल्यावर रेघ आहे ते सगळे त्या कागदावर होते. ज्यांनी सही केली नव्हती त्यांच्या दाखल्यावर ‘समाधानकारक’ आहे. दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवून आम्ही पाहिले आहेत.

यानंतरही आम्ही घाई केली नाही.

आधी गेटवर येऊन भेट मागितली. साहेब मीटिंगमध्ये होते. मग अर्ज दिले. मग रजिस्टर पोस्टाने पत्रे पाठवली. दिवाळी गेली, शिमगा गेला. उत्तर नाही.

आयटीआय झालेला फिटर या काळात महामार्गावरच्या ढाब्यावर गल्ला सांभाळतो आहे. आम्ही तेही गिळले.

आमच्या गप्प बसण्याचा अर्थ आपण चुकीचा लावला.

आमच्यातल्या कित्येकांचे वडील, चुलते मुंबईच्या गिरणगावात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुष्कळांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. नाव खराब केलेल्या कामगाराचे काय होते, ते साताऱ्याच्या या गावांना कोणी शिकवायला नको.

आता कायद्याचे.

आदर्श स्थायी आदेशांनी कायम कामगाराला सेवा दाखल्याचा हक्क दिला होता. ते १९४६ च्या कायद्याखालचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या. जुना कायदा गेला, आता आम्ही मोकळे, असा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल तर तो तपासून घ्या. खोटे बोलून माणसाची अब्रू घालवण्याची मुभा कोणत्याही संहितेत नाही.

भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ बदनामीचे आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. सद्भावनेने खरे सांगणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवे. चोरी करणाऱ्याला चोर म्हणा. कागदावर म्हणा, पुराव्यासकट म्हणा, आधी त्याला सांगा. आमची हरकत नाही. पण हक्काचे पैसे मागितले म्हणून डोकेदुखी ठरवणे सद्भावनेत बसते का, ते कराडच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सांगावे लागेल.

सरकारी नोकराच्या गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा त्याला कळवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सांगितले. तो निकाल खासगी कंपनीला लागू नाही, हे आम्हाला माहीत आहे. माणसाला न सांगता त्याच्यावर शेरा मारू नये, एवढे समजायला न्यायालय लागू नये.

आमचे म्हणणे असे.

रेघ असलेले सगळे दाखले परत घ्या, नवे द्या. कोणाच्या वर्तणुकीबद्दल तक्रार असेल तर ती तारीख आणि पुराव्यासह लेखी त्याच्या हातात द्या. फोनवरून शेरे मारणे आजपासून बंद करा. कोणी चौकशी केली तर दाखल्यात आहे तेवढेच सांगा. शिरवळच्या कंपनीला दुरुस्तीचे पत्र पाठवा आणि त्याची प्रत त्या वेल्डरला द्या.

मुदत पंधरा दिवस. ती वाढणार नाही.

उंब्रजला महामार्ग कसा अडवायचा हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. आम्ही तो अडवणार नाही. आपल्या भांडणात एसटीतल्या माणसाचे काय चुकले? गेटवर दगड पडणार नाही. कामावर असलेल्या आमच्या भावांना कोणी अडवणार नाही.

सोळाव्या दिवशी प्रत्येक कामगाराची स्वतंत्र फिर्याद कराडच्या न्यायालयात जाईल. एकत्र नाही, एकेक. प्रत्येक तारखेला आपला माणूस हजर ठेवावा लागेल. साताऱ्याच्या कामगार कार्यालयात जादा तासांच्या थकबाकीचा अर्ज जाईल. हजेरीच्या नोंदी आम्ही जपून ठेवल्या आहेत. आपला माल ज्या मोठ्या कंपन्यांना जातो, त्यांच्या खरेदी विभागाला दोन्ही प्रकारच्या दाखल्यांच्या प्रती जातील. त्या कंपन्यांची नावे आम्हाला शोधावी लागणार नाहीत. पेट्यांवर लेबले आम्हीच चिकटवत होतो.

आणि त्या दिवशी कंपनीचे नावही छापले जाईल.

त्याआधी बोलायचे असेल तर या. मारुतीच्या देवळात आमची बैठक असते, वेळ कळवू. येणाऱ्याकडे सहीचा अधिकार असावा. ‘वरती विचारून सांगतो’ म्हणणाऱ्याला पाठवू नये.

या पत्राची एक प्रत पोस्टाने आपल्याला मिळालेली आहे. मुदत पोचेच्या तारखेपासून सुरू झाली आहे.