क्षमापत्रातील एक शब्द

संवत्सरीचे प्रतिक्रमण आटोपले की दुसऱ्या दिवसापासून घरोघरी क्षमापत्रांची देवघेव सुरू होते. श्वेतांबर परंपरेत भाद्रपद शुद्ध चतुर्थीस किंवा पंचमीस संवत्सरी येते. दिगंबर परंपरेत दशलक्षण पर्व संपल्यावर भाद्रपद वद्य प्रतिपदेस क्षमावणी होते. तिथी निराळ्या असल्या तरी पत्रातील मजकूर बहुधा एकच असतो : वर्षभरात कळत-नकळत आपले मन दुखावले गेले असल्यास मन-वचन-कायेने क्षमा मागतो. छापखान्यातून शंभर प्रती येतात, शंभर पत्ते लिहिले जातात. अलीकडे तेवढेही कष्ट उरलेले नाहीत. एक तयार चित्र मोबाइलवरून क्षणात दोनशे जणांकडे रवाना होते.

या मजकुरात दोष काढण्यासारखे काही नाही. तरीही त्यातील 'असल्यास' या शब्दापाशी थोडे थांबावे. बँकेच्या ताळेबंदात खरी देणी आकड्यांत मांडलेली असतात. 'संभाव्य देणी' मात्र तळटीपेत जातात. ती फेडण्याची वेळ येईलच असे नसते. 'मन दुखावले असल्यास' असे लिहिताना माणूस आपल्या अपराधाला त्याच तळटीपेत बसवितो. शंभर जणांना एकच पत्र धाडायचे असेल तर दुसरा उपायही नाही. शंभर जणांचे शंभर अपराध एका वाक्यात मावत नाहीत. प्रश्न उरतो तो त्या एका माणसाचा, ज्याच्या बाबतीत 'असल्यास' म्हणण्याजोगी शंका मनात नाही.

जुना जालन्यातील एक घर कल्पनेत आणावे. घरात सत्तरीच्या आजी आहेत आणि सहावीत शिकणारी नात आहे. आजींच्या धाकट्या जाऊबाई कुंडलिकेच्या पलीकडे, नव्या जालन्यात राहतात. मध्ये केवळ एक पूल आहे. नऊ वर्षांपूर्वी घरच्या एका लग्नात आजींच्या सोन्याच्या बांगड्या दिसेनाशा झाल्या. पाहुण्यांनी भरलेल्या घरात आजी धाकट्या जाऊबाईंना नको ते बोलून गेल्या. चार महिन्यांनी त्या बांगड्या आजींच्याच कपाटात, जुन्या शालूच्या घडीत सापडल्या. त्यांनी त्या परत डब्यात ठेवल्या आणि कोणाला काही सांगितले नाही. त्यानंतर दरवर्षी या घरातून त्या घरात छापील क्षमापत्र जाते आणि त्या घरातून या घरात येते. दोन्ही पत्रांत 'असल्यास' आहे. बोलणे मात्र नाही.

क्षमापत्राची परंपरा छापखान्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. पूर्वी गावोगावचे संघ आचार्यांना 'विज्ञप्तिपत्र' पाठवीत. कागदाच्या लांब पट्ट्या एकमेकींना जोडून त्यांची गुंडाळी केली जाई. तिच्यावर अष्टमंगल, मंदिरे, बाजारपेठा, गावातील माणसे अशी चित्रे रंगविली जात आणि शेवटी चातुर्मासाची विनंती व क्षमायाचना लिहिली जाई. १६१० साली आग्र्याच्या संघाने आचार्य विजयसेनसूरींना पाठविलेले विज्ञप्तिपत्र विशेष प्रसिद्ध आहे. जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने ते चितारले. पर्युषणात प्राणिहत्या बंद ठेवण्याच्या बादशाही फर्मानाचा प्रसंग त्यात रंगविलेला आहे. डॉ. हिरानंद शास्त्री यांनी अशा पत्रांवर १९४२ साली बडोद्याहून स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ही पत्रे मोठ्या श्रमाने सिद्ध होत. प्रत्येक पत्र एका संघाने एका आचार्यांना लिहिलेले असे. त्याची दुसरी प्रत काढून तिसऱ्याला पाठविण्याची सोय नव्हती.

छापील शुभेच्छापत्राचा जन्म मात्र वेळेच्या टंचाईतून झाला. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांना नाताळची पत्रे हाताने लिहिण्यास सवड नव्हती. त्यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले आणि त्याची सुमारे एक हजार कार्डे छापविली. आपल्याकडे १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि थोड्या खर्चात दूरच्या आप्तांना दोन ओळी धाडणे शक्य झाले. या सोयींमुळे संबंध टिकले, हे मान्य करावेच लागेल. पण वेळ वाचविण्यासाठी निघालेल्या साधनाने क्षमा मागताना नेमके काय वाचते, याचाही हिशेब व्हावा.

त्या घरातील नातीला शाळेत हस्तकलेचा तास असतो. यंदा कार्डे आपणच करू, असा तिने हट्ट धरला आणि आजींनी तो मानला. असे कार्ड करू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी त्या दोघींची रीत येथे सांगणे उपयोगी ठरेल.

पहिला प्रश्न कागदाचा. जालन्याहून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, दौलताबाद आणि खुलदाबाद यांच्या दरम्यान कागझीपुरा हे गाव आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादेस आणली, तेव्हापासून येथे हातकागद बनत आल्याचे सांगितले जाते. सुती चिंध्या आणि रद्दी यांचा लगदा करून, तो चौकटीच्या जाळीवर उचलून हा कागद तयार होतो. गिरणीच्या कागदात तंतू एकाच दिशेने पडतात, म्हणून तो एका बाजूने सरळ दुमडतो आणि दुसऱ्या बाजूने घडी फुटते. हातकागदात तंतू सर्व दिशांना गुंतलेले असल्याने हा दोष जवळजवळ नसतो. तरीही घडी घालण्यापूर्वी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढावी. घडी सुबक पडते.

आकाराचा निर्णय वजनावरून घ्यावा. टपालात २० ग्रॅमपर्यंतच्या लिफाफ्यास पाच रुपयांचे तिकीट लागते. ए-चार आकाराचा कागद म्हणजे एका चौरस मीटरचा सोळावा भाग. दर चौरस मीटरला २२० ग्रॅम वजनाचा जाड कागद घेतला तर एका पूर्ण तावाचे वजन पावणेचौदा ग्रॅम भरते. त्यात मोठा लिफाफा आणि चिकटविलेली नक्षी मिळविली की वीस ग्रॅमची मर्यादा ओलांडण्याची भीती असते. तोच ताव मधोमध कापून त्याच्या अर्ध्या भागाचे दुमडलेले कार्ड केले, तर कार्ड सुमारे सात ग्रॅमचे होते आणि लिफाफ्यासह सर्व काही मर्यादेत बसते. शिवाय एका तावात दोन कार्डे होतात.

सजावटीचा कागद विकत आणण्याची गरज नाही. प्रत्येक घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो. त्यांतील सोनेरी किनारी, फुलांची नक्षी, रंगीत अस्तराचे कागद कापून घ्यावेत. देवदेवतांची व तीर्थंकरांची चित्रे मात्र घेऊ नयेत, आपल्या कार्डावरही काढू नयेत. कार्ड आज ना उद्या रद्दीत जाते आणि मग आशातना होते. स्वस्तिक, कलश, मीनयुगल, दर्पण ही मंगलचिन्हे परंपरेने जपलेली आहेत. तीही नको वाटल्यास पिंपळपान किंवा साधी वेलबुट्टी पुरेशी शोभते.

चिकटविण्यासाठी सरस वापरू नये. तो जनावरांच्या कातडी-हाडांपासून निघतो. बाभळीचा डिंक चालतो किंवा गव्हाच्या पिठाची खळ शिजवावी. खळ त्या दिवसापुरतीच करावी. शिळी खळ आंबते. चांदीचा वर्ख सुंदर दिसतो, पण तो परंपरेने जनावरांच्या आतड्याच्या पडद्यांत ठेवून कुटला जात असे. अहिंसेच्या पर्वातील पत्राला ती झळाळी नसलेलीच बरी.

नातीने ठशांसाठी बटाटा मागितला. शाळेत बाईंनी अर्धा बटाटा कोरून, रंगात बुडवून ठसे उमटविण्यास शिकविले होते. आजी म्हणाल्या, "आपल्या घरात बटाटा येत नाही, बाळ." मग भेंडीचा विषय निघाला. भेंडी आडवी कापली की फुलासारखा ठसा उमटतो. परंतु पर्युषणात घरी हिरवी भाजीही चिरत नव्हते. शेवटी खोडरबर आले.

खोडरबराचा ठसा करण्याची युक्ती सोपी आहे. पारदर्शक कागदावर मऊ पेन्सिलीने अक्षरे सरळ लिहावीत. तो कागद खोडरबरावर पालथा ठेवून नखाने घासावा. पेन्सिलीची रेघ रबरावर उलटी उतरते आणि उलटे कोरलेले अक्षर कागदावर सुलटे उमटते. अक्षराभोवतीचे रबर बारीक कटरने हळूहळू काढावे. हे काम मोठ्या माणसाने करावे अथवा त्याच्या देखत व्हावे. शिक्क्याच्या गादीवर ठसा हलकेच टेकवावा. शाई फार झाली तर अक्षरांच्या पोकळ्या भरतात. हातकागद शाई लवकर शोषतो, म्हणून आधी एका तुकड्यावर ठसा उमटवून पाहावा. भाद्रपदातील दमट हवेत शाई वाळण्यास वेळ लागतो. कार्डे रात्रभर उघडी ठेवावीत आणि वाळल्यावरच वह्यांच्या वजनाखाली दाबावीत.

'मिच्छामि दुक्कडम्' हे दोन शब्द कोरण्यात एक संपूर्ण दुपार गेली. 'च्छ' आणि 'क्क' ही जोडाक्षरे आजींनी स्वतः कोरली. दुसऱ्या दिवशी नातीने छापील पत्र समोर ठेवून त्यातील वाक्य कोरण्यास घेतले. तिसरे खोडरबर वाया गेल्यावर ती कंटाळून म्हणाली, "आजी, हे 'असल्यास' कोरायलाच हवं का गं? त्यातलं 'ल्या' सारखं तुटतंय."

आजींनी छापील पत्र हातात घेतले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. मग म्हणाल्या, "राहू दे ते. 'मन दुखावले' एवढंच कोर."

छापताना शब्दाला किंमत नसते. पाच शब्द अधिक असले तरी छपाईचा दर तोच राहतो. हाताने कोरताना प्रत्येक अक्षराचे मोल द्यावे लागते. म्हणून गरज नसलेला शब्द गळतो, आणि गळताना तो कशासाठी होता हेही कळते.

त्या रात्री नात झोपल्यावर आजींनी एक कार्ड वेगळे काढले. बाहेर ठशाची अक्षरे होती : 'माझ्याकडून मन दुखावले. क्षमा कर.' आतली बाजू कोरी होती. तेथे त्यांनी पेनाने लिहिले : 'बांगड्या माझ्याच कपाटात सापडल्या होत्या. नऊ वर्षे हे सांगण्याचे धैर्य झाले नाही. आरोप चारचौघांत केला होता. क्षमाही चारचौघांत मागेन. तू म्हणशील तेव्हा आणि तू म्हणशील तेथे.' खाली सही केली. सही करताना त्यांचा हात कापला आणि शेवटचे अक्षर वेडेवाकडे आले. नवे कार्ड घेऊन पुन्हा लिहावे असे त्यांच्या मनात आले, पण त्यांनी तसे केले नाही.

बाकीची कार्डे टपालपेटीत गेली. हे एक तिकिटाविना राहिले. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नातीचा हात धरून आजी पुलाकडे निघाल्या. पलीकडच्या दारात काय घडेल, हे त्यांना ठाऊक नव्हते. धाकट्या जाऊबाईंनी कार्ड वाचून मिठी मारावी असा काही नियम नाही; नऊ वर्षांचे दुःख एका कार्डाने फिटावे, असाही नाही. क्षमा करणे हा दुसऱ्याचा अधिकार आहे. आपल्या हाती असते ते खाते उघडून दाखविणे आणि देणे मान्य करणे.

छापील पत्रे बंद करावीत, असे कोणी म्हणणार नाही. दूरच्या आप्तेष्टांना आणि व्यवहारातील स्नेह्यांना ती जावीत. त्यांच्या बाबतीत 'असल्यास' हा शब्द बहुधा खराही असतो. मात्र येत्या पर्वात यादी करताना एक नाव बाजूला काढून ठेवावे. त्या नावासाठी अर्धा ताव हातकागद, एक खोडरबर आणि एक दुपार एवढाच खर्च आहे. नक्षी साधली नाही तरी चालेल, शाई थोडी पसरली तरी चालेल. आतली बाजू तेवढी कोरी सोडावी, आणि तेथे काय लिहायचे हे ठाऊक असेल तर ते लिहावे.